घरी गेलेली माणसं

चैत्र सरून वैशाख लागला की ऐन दुपारी, सूर्य डोक्यावर येऊन थबकल्यासारखा होतो त्या घटकेला, आमच्या कुंपणापलीकडच्या केळीच्या बागेतून एक आवाज येऊ लागतो. वाऱ्याने चिरफाळलेली पानं एकमेकांवर घासतात, खालची वाळलेली पानं खोडाला आपटतात, एवढंच त्यात आहे. हे मला ठाऊक आहे, मी स्वतः बागेत शिरून पाहिलं आहे. पण ओसरीवर बसून, डोळे अर्धवट मिटून ऐकावं, तर कोणीतरी अनवाणी चालत येत असल्याचा भास होतो. एकटंदुकटं नव्हे, पुष्कळजण; कसलीही घाई नसलेले, एकामागे एक. पावलं जवळ येतात, अगदी कुंपणाच्या तारेपर्यंत येतात, आता फाटक वाजेल म्हणून आपण मान वळवावी, तो ती पुन्हा दूरवरून यायला लागलेली असतात. येतच राहतात, पोचत नाहीत! अंधाराचं भय समजण्यासारखं आहे, अंधारात काही दिसत नाही. इथे तर सगळंच दिसतं. पांढरंफटक आभाळ दिसतं, त्याखाली निळसर सातपुडा दिसतो, तापलेली पायरी आणि तिच्या सावलीत जीभ काढून पडलेलं कुत्रं दिसतं. आणि तरीही जे ऐकू येतं ते त्या दिसण्यात कुठेच नसतं. लख्ख उजेडातल्या भयाला काय म्हणावं?

मी मूळची भित्रीच, म्हणा. गॅस बंद केला की नाही हे पुन्हा पुन्हा जाऊन बघणारी, निजलेल्या माणसाच्या नाकापाशी बोट धरून श्वास चालला आहे ना याची खात्री करून घेणारी. समुद्राकाठच्या गावातली, सातवीनंतर शाळा सुटलेली मुलगी मी. मामा जळगावला पाइपच्या कारखान्यात होता, त्याच्या आधाराने या मुलखात आले आणि त्याच्याच ओळखीने चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या निवासात कामाला लागले. ज्यांची बुद्धी लहानपणीच कुठल्याशा वळणावर बसून राहिली आणि देह मात्र पुढे चालत गेला, अशी मोठी माणसं इथे राहतात. निदान लोक तरी त्यांच्याविषयी असंच सांगतात. कागदावर त्यांना एक शब्द आहे, रस्त्यावर दुसरा आहे, आणि तो शिवीसारखा वापरतात. आम्ही आपलं ‘आमची माणसं’ म्हणतो. जिच्यापाशी दाखवायला एकही प्रमाणपत्र नव्हतं अशा मुलीला या घराने डोक्यावर छप्पर दिलं, ताटात भाकरी दिली, आणि सर्वांत मोठं म्हणजे, कोणीतरी वाट पाहावी असं स्थान दिलं. या उपकाराची आठवण झाली की माझा ऊर आजही भरून येतो.

त्यातला एक झिपरू. चाळिशीचा गडी, जिभेने जड, पण हसण्यात अख्खं तोंड उघडणारा. मी समुद्रावरून आले हे त्याला कळलं त्या दिवसापासून मी ‘मासोळी’ झाले. उन्हाने मी घटकाभर ओट्यावर टेकले की तो तांब्या डुचमळवत धावत येतो, “मासोळीताई, पानी पी, नईत मरी जाशी!” आणि आपल्याच विनोदावर पोट धरून लोळतो. पाण्याबाहेरची मासोळी मरते हे झिपरूला पक्कं ठाऊक होतं. माणूस मरतो, हे मात्र आम्ही त्याला कधी सांगितलेलं नव्हतं.

ते कसं, तेच सांगायचं आहे.

आमच्या ओसरीच्या भिंतीला लाकडी खुंट्यांची एक लांब ओळ आहे आणि प्रत्येक खुंटीला एक कापडी थैली. आमच्यातल्या बहुतेकांना अक्षर ओळखता येत नाही, म्हणून थैलीवर नावाऐवजी चित्र शिवलेलं असतं. झिपरूचा बैल, कोणाचं सूर्यफूल, कोणाचा पतंग. त्या थैलीत ज्याची त्याची दौलत. ती दुसऱ्या कोणी उघडायची नाही, हा आमच्या घरातला एकच नियम असा की जो मोडलेला मी कधी पाहिला नाही. इंदूअक्काच्या थैलीवर हिरवा राघू होता. इंदूअक्का आमच्यात सर्वांत वडील. चंद्रासारखा वाटोळा चेहरा, तिरपे डोळे, आखूड बोटं, जन्मतःच तशी. सोनगीरच्या अलीकडच्या एका खेड्यातली. तिची आई होती तोवर तिने लेकीला पदराखाली सांभाळलं. आई गेल्यावर धाकट्या भावाने, नानाने, रडत रडत तिला इथे आणून सोडलं. बोलायची फार थोडं. पण धुऊन वाळलेले सगळ्यांचे पंचे घडी करायचं काम तिने आपलं मानलं होतं, आणि तिची घडी इतकी नेटकी की कोपऱ्यावर कोपरा तंतोतंत बसावा! एखाद्या पंच्याची घडी मोडून तो तिच्यापुढे टाकावा आणि मग तिची बोटं पाहत राहावं, असा माझा फावल्या वेळचा छंद होता. मनातली धास्ती त्या बोटांबरोबर अलगद दुमडून जायची.

आता जे सांगते ते ऐकून आम्हांला निष्ठुर समजू नका. ते मायेतूनच जन्माला आलेलं होतं. आमच्यातलं कोणी दगावलं, आणि बहुधा ते दवाखान्यातच व्हायचं, इथून गाडीत घालून नेलेलं माणूस तिकडून परत यायचं नाही, की दुपारी सगळे निजलेले असताना त्याची थैली खुंटीवरून उतरवायची, अंथरूण गुंडाळायचं, ताट मांडणीवरून उचलायचं. आणि जागं झाल्यावर कोणी विचारलंच तर सांगायचं की त्याच्या घरचे आले होते, गाडीत बसवून त्याला घरी घेऊन गेले. निवासाचे चालक आबा, त्यांनी घालून दिलेली ही रीत. आबा म्हणजे पिकल्या मिशांचे, हाताला अखंड कंप असलेले गृहस्थ; आयुष्याची सगळी पुंजी त्यांनी या घरात ओतली. ते म्हणायचे, “त्यांना मरण काय समजणार, बाई? नुसती भीती समजेल. लेकराच्या हातात विस्तव कोणी ठेवतं का?” आम्हांला ते पटायचं. शिवाय कोणी रडत नसे, कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे. आम्ही म्हणायचो, बरं आहे, विसरतात बिचारे! रिकामी खुंटी काही दिवस भिंतीवर डोळा मिटल्यासारखी राहायची, मग तिच्यावर नव्या माणसाची थैली यायची.

पण ते विसरत नव्हते. हे मला कळलं ते मागे एकदा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी रजा काढली तेव्हा. संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत मी हसत सांगितलं, “उद्या मी घरी जाते हं.” घास घेणारे हात जागच्या जागी थांबले. इतक्या माणसांच्या पंगतीत भांड्याचाही आवाज होईना. झिपरूने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू, जे झोपेतही मावळत नाही, ते मावळलं. सकाळी मी निघाले तर सगळे ओसरीवर उभे. एकेक जण पुढे आला आणि माझ्या हातात काहीबाही ठेवून मागे सरला. शर्टाचं निळं बटण, भुईमुगाच्या शेंगा, मोडक्या पावाचा तुकडा, रंगीत दोरी. मी म्हटलं, आईसाठी देताहेत. तेवढ्यात झिपरू म्हणाला, “हाई भिकनले दे. तठे थंडी व्हई. त्याले सांग, पांघरी ले.”

भिकन! भिकन जाऊन दोन हिवाळे उलटले होते. खुंटीवरची त्याची घोड्याची थैली आमच्यापैकीच कोणीतरी उतरवली होती आणि ‘घरी गेला’ म्हणून सांगितलं होतं. मी हातातल्या वस्तूंकडे पाहिलं आणि त्या रखरखीत सकाळी माझ्या पाठीवरून गार पाण्याची धार गेल्यासारखं झालं. ती माझ्या आईसाठी दिलेली भेट नव्हती. ज्यांना ज्यांना आम्ही गाडीत बसवून घरी पाठवलं होतं, त्या सगळ्यांसाठीचा तो ऐवज होता; आणि मी निघाले होते तिथेच, त्यांच्याकडे, म्हणून तो माझ्यासोबत दिला जात होता.

तो ऐवज पदरात बांधून मी हा अख्खा मुलूख ओलांडला आणि माझ्या गावच्या किनाऱ्यावर जाऊन उभी राहिले. वाटलं, सोडून द्यावा पाण्यात. हात उचलेना. कारण त्या पाण्याशी माझा जुना हिशेब आहे. माझे वडील होडीवर गेले ते परतले नाहीत, आणि मी लहान म्हणून आईने सांगितलं, ते मोठ्या बोटीवर कामाला लागलेत, येतील. मी किती काळ त्या वाळूत बसून राहिले असेन! दुसऱ्यांच्या बापांच्या पावलांचे आवाज मी उंबऱ्यावरून ओळखायला शिकले, ते त्याच काळात. येणार म्हणून सांगितलेलं माणूस मेलेल्याहून जड असतं. मेलेल्याला निरोप तरी देता येतो, येणाऱ्यासाठी मात्र दार उघडंच ठेवावं लागतं, आणि उघड्या दारातून काय काय आत येतं हे ज्याने तसं दार धरलं आहे त्यालाच माहीत. आईने ते मायेनेच केलं. आबांनीही मायेनेच केलं. मायेच्या पोटी जन्मलेलं असत्य इतकं थंडगार का असावं?

ऐवज तसाच घेऊन मी परत आले. फाटक उघडून आत शिरले तर ओसरीवरचे सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले. कोणी पुढे येईना. शेवटी झिपरू लांबूनच हात लांबवून माझ्या दंडाला चिमटा काढून पाहता झाला, आणि दबक्या आवाजात म्हणाला, “तू माघारी कशी उनी?” जिथून कोणी परतत नाही तिथून परतलेली मी! इंदूअक्का जवळ आली, माझा तळवा तिने आपल्या नाकाशी नेला, कितीतरी वेळ हुंगला, आणि एकच शब्द विचारला, “भिकन?” माझ्या गप्प बसण्यालाच तिने उत्तर मानलं असावं. कारण ती मान हलवून पंच्यांच्या ढिगाशी जाऊन बसली. तेव्हापासून मला दिसू लागलं, जे आधी दिसत असूनही दिसलं नव्हतं. फाटकाशी कोणतीही गाडी थांबली की ओसरीवरचं बोलणं बंद पडे आणि सगळेजण आपापल्या खुंटीपाशी जाऊन, पाठ भिंतीला लावून, थैलीवर हात ठेवून उभे राहत. गाडी डाळीची असो की दुधाची. ती निघून जाईस्तोवर.

आबांना मी हे सांगितलं होतं. ते खिन्न हसले आणि म्हणाले, “गाडीला भितात, दुसरं काय!” सातवी शिकलेल्या बाईने आणखी काय बोलावं?

मग गेल्या वर्षीच्या माघात इंदूअक्काच्या घडीचा कोपरा चुकला. तुम्हांला ही फार लहान गोष्ट वाटेल. मला तो पंचा हातात धरून रडू आलं. आमच्या या माणसांचं दुखणं बोलत नाही, ते असंच कुठल्यातरी कोपऱ्यातून डोकावतं. पुढे पुढे ती पंचा घेऊन नुसती बसायची, मग पंचाच विसरली, मग घास गिळायचं विसरली. घास तोंडात धरून माझ्याकडे अशी पाही की याचं पुढे काय करतात, ते तू सांग. जळगावच्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी तिला तपासलं, हृदयही थकलं आहे म्हणाल्या, नळ्या घालून तिला छळण्यात अर्थ नाही म्हणाल्या, दुखू नये म्हणून औषध दिलं. आणि निघताना इंदूअक्काचा हात हातात घेऊन त्यांनी मला सांगितलं, “जिथे हिला भीती वाटत नाही तिथे हिला ठेवा. आता तेवढंच आपल्या हातात आहे.”

मग माझे दिवस तिच्याभोवती फिरू लागले. तांदळाची दाट पेज चमच्याच्या टोकावर घ्यायची, तिला उशांना टेकवून बसवायचं, मान किंचित पुढे झुकवायची, आणि गळा हलला की मगच दुसरा चमचा. ओला बोळा ओठांवरून फिरवायचा. कुशीवर वळवायचं, पाठीला तेल चोळायचं. दुखलं की ती डावा कान ओढायची. तिच्या वेदनेचा एवढा एकच शब्द मला ठाऊक होता, आणि तो चुकेल या धास्तीने मी तिच्या कानाकडे पाहत बसे. दुपारी केळीतून तो आवाज सुरू झाला की ती डोळे उघडी. हाक ऐकल्यासारखी मान त्या बाजूला वळवी. मी खिडकी लावायला उठले की माझं लुगडं घट्ट धरून ठेवी.

आखाजीच्या आदल्या दिवशी नाना आला. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, इकडे मोठा सण. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची नवी घागर पाण्याने भरून पुजतात. दरवर्षी या दिवसांत नाना सांजोऱ्या घेऊन बहिणीला भेटायला यायचा. या वेळी तो गाडी करून आला होता. मागच्या बाकावर गादी अंथरलेली, खिडकीला ओलं फडकं बांधलेलं. कपाशीत राबून रापलेला तो माणूस खाटेपाशी उकिडवा बसला आणि लहान पोराच्या आवाजात म्हणाला, “इंदे, चाल घर. आखाजी शे. तुनी वहिनीनी सांजोऱ्या करेल शेतस. मायनी खोली सारवेल शे तुनासाठे.”

त्या क्षणी जे झालं ते मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. जिला कूस बदलायचं त्राण नव्हतं ती इंदूअक्का उठून बसली. तिने खाटेची कड दोन्ही हातांनी आवळली. तिची नजर नानाच्या खांद्यावरून, दारातून, फाटकाशी उभ्या गाडीवर गेली होती, आणि तिच्या गळ्यातून असा स्वर निघाला की बाहेरचं कुत्रं उठून पळालं. “घर नई! घर नई! घर नई!” ओसरीवर सगळे आपापल्या खुंटीला पाठ लावून उभे होते. नाना जागच्या जागी खचला. बाहेर येऊन कट्ट्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “ताई, माले देखीसन मनी बहीन थरथर कापस. मी तिले आठे सोडी गऊ ना, त्यानाच राग शे तिले. मी भाऊ नई शे, वैरी शे.” मी त्याला कसं सांगावं की ती त्याला भीत नव्हती, ती जिथे न्यायला तो आला होता त्या घराला भीत होती, आणि ते घर आम्ही बांधलं होतं, एकेक माणूस तिथे पाठवून पाठवून!

मरणापेक्षा मोठं भय तिच्या उशाशी आम्हीच आणून बसवलं होतं. ती मरणार हे ठरलेलंच होतं. ती भिऊन मरणार की निर्धास्त, एवढंच उरलं होतं. आणि तेही आता हातातून निसटत होतं.

मी आबांकडे गेले. माझी जीभ झिपरूहून जड झाली होती. वडिलांची, होडीची, वाळूतल्या त्या बसण्याची गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. ती आबांना सांगितली. म्हटलं, “आबा, तिला सांगूया. भिकन घरी गेला नाही, मेला. नाहीतर ती या गाडीच्या भयानेच जाईल.” “आणि नाही सोसलं तिला तर?” आबा म्हणाले. मी म्हटलं, “ठाऊक नाही, आबा. आत्ता सोसत नाहीये हे तेवढं दिसतंय.” दारात उभा असलेला नाना हे सगळं ऐकत होता. तो हळूच आत आला आणि म्हणाला, “आबा, तिले मरन ठाऊक शे. माय गई तवय तीच मायना पायजवळ बठेल होती. बठ्ठा लोके रडी ऱ्हायनात, आनि ही मायना पाय झाकी ऱ्हायनी, गार पडनात म्हनीसन.”

आबा उठले. कोठीत गेले. आतून लोखंडी पेटी ओढल्याचा आवाज आला. गेलेल्यांच्या थैल्या आबांनी फेकल्याच नव्हत्या! कशा फेकतील?

दुसऱ्या दिवशी, आखाजीला, नाना घरी गेला नाही. चोपड्याच्या बाजारातून त्याने कोरी घागर आणली. आमच्या घरात आजवर कधी घागर भरली गेली नव्हती. कोणाच्या नावाने भरणार? आमच्यातलं तर कोणी मेलेलंच नव्हतं. इंदूअक्काची खाट उचलून आम्ही ओसरीवर आणली. नानाने तिच्यासमोर घागर मांडली, आणि तांब्या तिच्या हातात देऊन, तो हात आपल्या हातात धरून, पाणी ओतायला सुरुवात केली. लहानपणी त्यांच्या घरी घागरीचं पाणी आणायचं काम तिचंच असायचं म्हणे. पाण्याचा तो बुडबुडता आवाज ऐकून तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. “हाई कोननी घागर, इंदे?” नानाने विचारलं. ती म्हणाली, “माय.” “हां, मायनी. माय घर नई शे, इंदे. माय मरी गई. आते ती बोलस नई, खास नई, तिले दुखस बी नई. म्हनीसन तिना नावनी घागर भरतस.”

मग आबांनी पेटी उघडली. कोंदट कापडाचा, जुन्या चिंचेचा, माणसांचा वास ओसरीभर पसरला. त्यांनी पहिली थैली वर धरली. तिच्यावर घोडा होता. आम्ही कोणी काही सांगायच्या आत सगळे एका आवाजात म्हणाले, “भिकन.” दुसरी काढली, नाव आलं. तिसरी काढली, नाव आलं. माझ्या येण्याआधी गेलेली माणसं, ज्यांचे चेहरे मी पाहिलेही नव्हते, त्यांची नावं त्या जड जिभांवरून एकेक करून उतरत होती, आणि भर दुपारी माझ्या अंगावर शहारे येत होते. एकही नाव चुकलं नाही. आम्ही ज्याला विसरणं समजत होतो ते काय होतं मग? आबांनीच सांगितलं, “भिकन मेला. घरी नाही गेला. आम्ही खोटं बोललो.” झिपरूने विचारलं, “मासोळीनी मायत?” मासोळीसारखा? आबा म्हणाले, “हो रे. मासोळीसारखा.” तेव्हा झिपरू रडला. त्याच्यामागे सगळे रडले; इतकी वर्षं तुंबलेलं ते रडणं, त्याला काय आवाज होता! मी खोलीत जाऊन माझ्या पेटीतून ते निळं बटण, ती रंगीत दोरी, वाळून खडखडीत झालेल्या शेंगा आणल्या आणि त्यांच्याच हातांनी त्या घोड्याच्या थैलीत घालून घेतल्या. भिकनचा ऐवज भिकनला पोचला.

घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोरी ठेवली, चुलीतल्या विस्तवावर घास टाकला. सगळं आवरल्यावर नानाने पुन्हा विचारलं. आता गाडीकडे न पाहता, तिच्याच डोळ्यांत पाहत. घर तठे बी शे, आठे बी शे. कोठे ऱ्हाशी? इंदूअक्काने आपली राघूची थैली मांडीवरून उचलली आणि खुंटीकडे हात केला. नानाने ती खुंटीला अडकवली. मग तिने नानाचा पंचा ओढून घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याची घडी घालू लागली. कोपरा जुळला नाही. तिने तो तसाच त्याच्या हातात दिला. नानाने गाडी परत पाठवली आणि तो राहिला.

त्यानंतर ती थोडेच दिवस होती. आम्ही कोणाला तिच्यापासून दूर केलं नाही. येता-जाता कोणी तिचे पाय झाके, कोणी तिच्या गालाला गाल लावी, झिपरू तर तांब्या घेऊन उशाशीच बसलेला असे. एका दुपारी केळीतून तो आवाज सुरू झाला. दूरवरून, अनवाणी, एकामागे एक. इंदूअक्काने डोळे उघडले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच स्वच्छ शब्दांत, दारात पाहुणे दिसावेत तशा सुरात म्हणाली, “उनात.” आले! मी सवयीने फाटकाकडे पाहिलं. तिथे ऊन होतं. पावलं कुंपणापर्यंत आली. मी वाट पाहिली, आता परततील, पुन्हा दुरून सुरू होतील. ती परतली नाहीत. कुंपणाच्या अलीकडे आली, अंगण ओलांडलं, आणि पायरीपाशी थांबली. पानांचा आवाज थांबला म्हणा, वारा पडला म्हणा. मी तिच्या नाकापाशी बोट धरलं. तिचा हात कानाकडे गेलेला नव्हता. तो पंच्यावर, शांत, उताणा पडला होता. झिपरूने तिच्या पायांना हात लावला आणि नानाकडे पाहून म्हणाला, “गार पडनात.” मग त्याने ते झाकले.

राघूची थैली आजही तिच्या खुंटीवर आहे. शेजारी घोडा आहे, आणि इतरांच्याही आहेत. नव्या माणसांसाठी आबांनी खुंट्यांची दुसरी ओळ ठोकून घेतली. वारा नसतानाही त्या जुन्या थैल्या कधीकधी हलतात. भित्री माणसं असल्या गोष्टी हटकून पाहतात, तेव्हा माझ्या शब्दावर फार विसंबू नका. मागच्या महिन्यात आईला भेटायला निघाले तेव्हा पंगतीतले हात थांबले नाहीत. फक्त झिपरू सकाळी फाटकापर्यंत आला, आणि बिस्किटाचा पुडा माझ्या हातात कोंबून म्हणाला, “तुनी मायले दे. जित्ती शे ना?” म्हटलं, आहे. “मंग लवकर ये, मासोळी.”

परत आले, आणि आता पुन्हा वैशाख आहे, पुन्हा आखाजी येऊन गेली. ओसरीच्या कोपऱ्यात इंदूअक्काच्या नावाची घागर पाझरते आहे, तिच्याखालची फरशी ओली आहे. दुपारचे दोन वाजत असतील. कुत्रं पायरीच्या सावलीत आहे. केळीतून तो आवाज येतो आहे, दूरवरून, अनवाणी, एकामागे एक. आणि आताशा मी मान वळवून फाटकाकडे पाहत नाही. कोण येत असेल, हा प्रश्न माझा नाही. मी उठते, घागरीवरचं झाकण किलकिलं करते, आणि पायरीवरच्या कुत्र्याला हाताने जरा बाजूला सारते.